तिसऱ्या हाळीनंतर

फोन आप्पांचा होता. आप्पा म्हणजे आमच्या ऑफिसातल्या मायाचे वडील. ते रोज फोन करणाऱ्यांतले, पण मुलीला, मला नव्हे. त्यामुळे मोबाइलवर त्यांचं नाव बघितलं आणि हातातलं काम टाकून मी ऑफिसच्या गॅलरीत आले. काय ऐकायला मिळणार हे ठाऊक होतं. “बाई,” ते म्हणाले, “माया गेली सकाळी.” पलीकडून मेंढरांचा आवाज येत होता, कुणीतरी कुणाला तरी कानडीत हाक मारत होतं. मग आप्पाच म्हणाले, “तुमी जेवून निगा. जत सोडल्यावर वाटंत काय मिळत न्हाई.” खरं सांगते, त्या क्षणी मला त्यांचा राग आला. पोटची पोर गेली आणि हा माणूस माझ्या जेवणाची काळजी करतो! पण सांगलीतून निघण्याआधी मी डबा उघडला आणि उभ्याउभ्या दोन पोळ्या खाल्ल्या. त्यांनी सांगितलं होतं म्हणून.

या गोष्टीला आता महिना उलटून गेला. कुणी गेलं की ‘मोठी पोकळी निर्माण झाली’ असं लिहायची आपल्याकडे पद्धत आहे. मायाने पोकळीबिकळी काही ठेवलेली नाही. उलट एवढं काम लावून गेली आहे की रडायला बसावं म्हटलं तर मध्येच फोन वाजतो. तेव्हा तिच्याविषयी लिहायचं तर तिच्या कामाविषयीच लिहावं लागेल, आणि ते काम समजायला जरा विचित्र आहे. मी स्वतः इंजिनियर नाही, ही त्यातली सोय. मला जेवढं कळलं तेवढं कुणालाही कळेल.

मी मूळची वाईची, लग्नानंतर सांगलीकर. तापट आणि फटकळ, असं माझ्या सासूबाईंचं माझ्याविषयी मत होतं आणि ते चुकीचं नव्हतं. आमचं ऑफिस म्हणजे एका दातांच्या दवाखान्याच्या डोक्यावरच्या तीन खोल्या. तासगावच्या बाजूला बेदाणा ठेवायची कोल्ड स्टोरेज आहेत. द्राक्षं वाळून बेदाणा तयार झाला की तो तिथल्या थंड खोल्यांत जातो आणि बरा भाव येईपर्यंत महिनोन् महिने तिथे राहतो. खोलीतली थंडी गेली तर बेदाणा काळवंडतो, चिकटतो, आणि वर्षाची मेहनत मातीत जाते. म्हणून प्रत्येक खोलीत आमची एक डबी बसवलेली असते. ती आतलं तापमान मोजते आणि मोबाइलच्या सिमवरून आमच्या सर्व्हरला सांगत राहते. तोच आकडा स्टोरेजच्या माणसाला आणि शेतकऱ्याला आपापल्या फोनवर दिसतो. सगळं ठीक असेल तर हिरवा, तापमान चढलं की लाल आणि वर भोंगा. सर्व्हर सांभाळायचं काम मायाचं. लोकांचे फोन घ्यायचं, म्हणजे पर्यायाने शिव्या खायचं, काम माझं.

मायाचं गाव जत तालुक्यात, पार कर्नाटकच्या हद्दीला लागून. घरात मेंढरं, थोडी कोरडवाहू जमीन, आई ती शाळेत असतानाच गेलेली. सांगलीत इंजिनियर झाली, पुण्यात काही वर्षं मोठ्या कंपनीत काढली आणि मग सगळं सोडून आमच्या तीन खोल्यांत आली. मी पहिल्याच दिवशी विचारलं, “पुणं सोडून इथे कशाला मरायला आलीस?” म्हणाली, “ताई, पुण्यातनं गावाकडं जायाचं म्हंजे दोन दिस मोडत्यात. हितनं सकाळी निगालं की दुपारी आप्पाच्या म्होरं.” ऑफिसात ती आपलं गावाकडचंच बोलायची. इंग्रजीत लिहिलेलं काही वाचून दाखवायची वेळ आली की तेही जतच्या हेलात वाचायची आणि आमची हसून पुरेवाट व्हायची. तिला त्याचं काही नसायचं. संध्याकाळी आप्पांचा फोन आला की ती गॅलरीत जाऊन दार लावून घ्यायची. आतून शब्द कळायचे नाहीत, पण आवाज चढलेला ऐकू यायचा. बापलेकीचं एवढं काय चालतं, असं मला वाटे. विचारलं तर “कुठं काय, गप्पा” एवढंच.

तिला मी खरी ओळखायला लागले ती एका कौतुकामुळे. उन्हाळ्याचे दिवस होते, सगळी स्टोरेज भरत आलेली. तासगावजवळच्या एका स्टोरेजचे शंकरदादा म्हणून मशीन सांभाळणारे गृहस्थ होते, त्यांचा फोन आला. मी नेहमीप्रमाणे कंबर कसून फोन उचलला, तर दादा म्हणतात, “मॅडम, आज शिव्या न्हाईत. तुमचं मशीन लय झकास चाललंय. सकाळधरनं आकडा जाग्यावनं हाललेला न्हाई. चार म्हंजे चार!” मला आभाळ ठेंगणं झालं. आमच्या धंद्यात कौतुकाचा फोन म्हणजे कपिलाषष्ठीचा योग. मी धावत मायाच्या टेबलाशी गेले आणि सांगितलं. तिने चहाचा कप खाली ठेवला. “हालला न्हाई? अजिबात?” “अगं, तेच तर कौतुक!” “ताई, त्यांना म्हणावं खोलीचं दार उघडा. आत्ता.” तिचा चेहरा बघून मी उलट प्रश्न न करता फोन लावला.

झालं होतं ते असं. तिथली एक फेज गेली होती. त्या खोलीचा कॉम्प्रेसर त्या फेजवर, आमची डबीही त्याच फेजवर, दोन्ही बंद. दादांच्या केबिनचा पंखा मात्र दुसऱ्या फेजवर होता, तो गरगरत होता, त्यामुळे वीज आहे अशीच त्यांची समजूत. आणि फोनवर हिरवागार चार! दादा दार उघडायला गेले तेव्हा तिथे माल लावणारा हमाल स्वेटर काढून खांद्यावर टाकून बसलेला. भर उन्हाळ्यात त्या खोल्यांत स्वेटर-कानटोपी घालून काम करतात, आणि हा गडी घाम पुसतोय. त्यालाही वाटलं की आज काम जास्त झालं. बेदाणा थोडक्यात वाचला. दादा नंतर मला म्हणाले, “आमी तर खुशीत हुतो की ओ, आकडा हालंना म्हणून.” आमच्या भागातल्या सगळ्याच स्टोरेजवाल्यांना हा अभिमान असतो, आकडा हलू न देण्याचा. मायाला तो तसा कधी वाटला नाही. माणसं आत-बाहेर करणार, दार उघडणार, माल येणार. खोली चालू असेल तर आकडा जरा तरी वर-खाली व्हायलाच हवा, असं तिचं म्हणणं.

पण मला प्रश्न पडला की डबी बंद पडली तर आपल्या सर्व्हरला कळलं कसं नाही? तो का चार चार करत बसला? मायाने मला शेजारी बसवून समजावलं. “हे बघा ताई, तुमी मला फोन लावला. बोलून झालं की ‘ठेवते’ म्हणता आन् ठेवता. मला कळतं, तुमी गेला. पण बोलता बोलता तुमची बॅटरीच मेली तर? मी आपली फोन कानाला लावून बसलेली. लाइन चालू वाटती, पलीकडं कुणीच न्हाई. सर्व्हरचं तसंच झालंय. डबीनं निरोप घेतलाच न्हाई, म्हणून ह्यो बसलाय वाट बघत. आन् शेवटचं जे ऐकलं तेच सगळ्यांना सांगतोय.” मी म्हटलं, “असा किती वेळ बसेल?” “कुणी हटकलं न्हाई तर बसंल की मरस्तोवर.” अशा अडकून बसलेल्या लाइनी तिने त्या दिवशी शोधल्या तर त्या एक-दोन नव्हत्या. काही डब्या वीज गेल्यामुळे, काही मोबाइलची रेंज गेल्यामुळे गप्प झालेल्या, आणि स्क्रीनवर सगळं हिरवंच.

आमच्या साहेबांनी त्यावर तोडगा काढला तो आपल्याकडचा सनातन तोडगा. रोज सकाळी सर्व्हर बंद करून चालू करायचा. साहेब पुण्याला राहायचे आणि फोनवरून हुकूम सोडायचे. मी मायाला म्हटलं, “हे म्हणजे उंटावरून शेळ्या हाकणं झालं.” ती खो खो हसली आणि म्हणाली, “आमच्यात मेंढरामागं चालत जात्यात ओ ताई.” तिचं म्हणणं, एकाला झोप लागली म्हणून सगळ्या घरादाराला रोज दणका देऊन उठवायचं हा कुठला न्याय? चालू लाइनीही तुटतात, आणि बंद करून चालू केल्यावर पाच मिनिटांनी कुणी गप्प झालं तर पुन्हा दुसऱ्या सकाळपर्यंत पत्ता नाही. साहेबांना तिने हे जसंच्या तसं सांगितलं. मग स्वतः काय केलं, तर सर्व्हरला हाळी द्यायला शिकवलं.

हा शब्द तिचाच, म्हणजे तिच्या घरातला. मेंढरं माळावर पांगतात तेव्हा एका टोकाला आप्पा आणि दुसऱ्या टोकाला त्यांचा भाऊ. मधूनमधून आप्पा हाळी देणार, भाऊ ओ देणार. ओ आली की झालं, आपापल्या कामाला लागायचं. नाही आली तर परत हाळी. तिसऱ्या हाळीलाही ओ आली नाही तर मग घसा कोरडा करत बसायचं नाही, काठी उचलायची आणि चालायला लागायचं. मायाच्या सर्व्हरचं हेच. तो प्रत्येक डबीला ठरलेल्या वेळाने हाळी द्यायचा. तीनदा उत्तर आलं नाही की ती लाइन तोडायची, तो हिरवा आकडा पुसायचा, तिथे ‘गप्प’ असं करड्या अक्षरात दाखवायचं आणि शंकरदादांसारख्यांना फोन जायचा. तिकडे डबीलाही तिने तेच शिकवलं. सर्व्हर गप्प वाटला तर तूच लाइन तोड आणि नव्याने जोड. त्या प्रोग्रामचं नावच तिने ‘हाळी’ ठेवलं.

एवढ्याने भागलं असतं तर मी हे कौतुक दोन ओळींत उरकलं असतं. पण पुढच्याच हंगामात एका डबीने भलतंच केलं. हाळी दिली की ओ यायची, दर वेळी, वेळेवर. आणि आकडा मात्र चारवर गोठलेला. माया दोन दिवस तिच्यामागे लागली होती. शेवटी कळलं, की ओ देत होतं ते डबीतलं सिमचं यंत्र. मागे मोजणारा भाग केव्हाच बधिर झाला होता, आणि पुढचा आपला दारात उभं राहून ‘हाय, हाय’ म्हणत होता. हे सापडलं तेव्हा ती खुर्चीत मागे रेलून म्हणाली, “घळीतली ओ.” त्यांच्या गावाजवळ ओढ्याची एक घळ आहे. तिथे हाळी दिली की ओ येते, पण ती आपलीच, कड्यावर आपटून आलेली. म्हणून त्या बाजूला मेंढरं गेली की आप्पा नुसती हाळी देत नसत. विचारायचे, “पाणी कुठं पाजलंस?” घळीला काय ठाऊक पाणी कुठं पाजलं ते! मग मायाने सर्व्हरलाही तसंच विचारायला लावलं. ओ नको; आत्ता, या घडीला मोजून नवा आकडा दे. देता आला तरच तू जिवंत.

वीज परत आल्यावरचा गोंधळही तिनेच निस्तरला. तासगावकडची वीज एकदम आली की सगळ्या डब्या एकाच वेळी सर्व्हरवर तुटून पडायच्या आणि तोच आडवा व्हायचा. “मेंढरं सुदा आशी याड्यावानी पाण्यावर पडत न्हाईत,” ती म्हणायची. तिने प्रत्येक डबीला वेगवेगळं थोडं थोडं थांबून यायला शिकवलं. तेव्हापासून मला शिव्यांचे फोन कमी झाले. मग आम्हाला दुपारी निवांत चहा प्यायला मिळायला लागला. चहा पिताना ती माझ्या सासूच्या गोष्टी चवीने ऐकायची आणि सासूचीच बाजू घ्यायची. मला तिचा राग यायचा. आता त्या चहाची इतकी आठवण येते, की मी दुपारचा चहाच सोडला आहे.

मग तिचं पोट दुखायला लागलं. आधी ऍसिडिटी, मग काय काय, आणि शेवटी मिरजेला दाखवलं तेव्हा डॉक्टरांनी सरळ नाव घेतलं. स्वादुपिंडाचा कॅन्सर, बराच पुढे गेलेला. दवाखान्यातून बाहेर आल्यावर ती माझ्या स्कूटरवर बसली आणि म्हणाली, “ताई, आप्पाला सांगायचं न्हाई.” मी स्कूटर चालूच केली नाही. तिची आई याच मिरजेत गेली होती. त्या वेळी आप्पा दवाखान्याच्या पायरीवर बसून होते, हलले नव्हते. “परत त्याच पायरीवर बसवू व्हय त्याला?” ती म्हणाली. “आन् मेंढरं इकल तो. मेंढराबिगर आप्पा म्हंजे काय ऱ्हायलं मग?” मी शब्द दिला. द्यावा लागला.

शब्द पाळणं मात्र महाकठीण. उपचार सुरू झाले, तिचे केस गेले, अंगातलं बळ गेलं, आणि रोज संध्याकाळी फोनवर “बरी हाय आप्पा, काम लय हाय.” मी डबा घेऊन तिच्या घरी जायची, समोर बसून ते ऐकायची. तिच्याकडे दिवस फार नाहीत हे मला दिसत होतं, तिलाही दिसत होतं, आणि जत तालुक्यात एक बाप निर्धास्त मेंढरं राखत होता. एके दिवशी माझा तोल सुटला. म्हटलं, “तू रोज त्यांना जी ओ देतेस ना माया, ती घळीतली आहे. तू गेल्यावर त्यांनी मला विचारलं, की बोलायला चार दिवस तरी का दिले नाहीत, तर मी काय सांगू?” ती उठून बसली. डोळे असे केले की मला वाटलं, आता काहीतरी फेकून मारते. “ताई, ऑफिसचं ऑफिसात ठेवा,” एवढंच बोलली आणि भिंतीकडे तोंड करून झोपली. पुढे काही दिवस मी डबा नेऊन ठेवायची आणि ती माझ्याशी बोलायची नाही. मीही हट्टी. पण जतला फोन काही केला नाही.

आणि एका सकाळी आप्पाच ऑफिसच्या दारात उभे! डोक्याला पटका, पांढरंशुभ्र धोतर, हातात पिशवी. वहाणा त्यांनी जिन्यातच काढून ठेवल्या होत्या, दवाखान्याच्या पेशंटांच्या चपलांशेजारी. मी त्यांना फोटोत बघितलं होतं. “माया ऱ्हाती कुठं, तेवडं दावा,” ते म्हणाले. मी म्हटलं, “आप्पा, आधी कळवायचं तरी...” “कळिवलं आस्तं तर म्हणली आस्ती, बरी हाय.” मी त्यांना रिक्षात घातलं. मी तोंड गच्च मिटून बसले होते. ताकास तूर लागू द्यायची नाही असं ठरवून. पण त्यांनी मला काही विचारलंच नाही. स्वतःच बोलायला लागले.

“ती रोज मला वरडती, बाई. तंबाखूवनं. कैक वर्सं झाली, आमचा फोन तंबाखूवनं सुरू आन् तंबाखूवं खलास. मागल्या आटवड्यात मला तिचा आवाज बारीक वाटला. इचारलं तर बरी हाय म्हणती. मग मी मुद्दाम म्हणलं, आज लय तंबाखू खाल्ली. तर म्हणती, आसू दे आप्पा.” रिक्षा सिग्नलला उभी होती. “दुसऱ्या दिशी म्हणलं, सकाळधरनं दोन बार भरलं. आसू दे आप्पा. तिसऱ्या दिशी म्हणलं, आता बिडी बी वडतो. जल्मात वडली न्हाई मी बिडी. तरी म्हणती, आसू दे.” त्यांनी पिशवी मांडीवर जरा वर ओढली. “मग भावाला म्हणलं, मेंढरं तू बघ. आन् निगालो.”

गॅलरीत दार लावून बापलेकीचं काय चालायचं ते मला त्या रिक्षात कळलं.

मायाने दार उघडलं. डोक्याला रुमाल बांधलेला, हाडं वर आलेली. तिने आप्पांकडे बघितलं, मग माझ्याकडे. असं बघितलं की मी दोन्ही हात वर केले. “हिनं काय सांगितलं न्हाई,” आप्पा म्हणाले. ते तिच्याकडे बघत राहिले. त्यांनी ना हंबरडा फोडला, ना काय झालं म्हणून विचारलं. तिला सगळंच बोलून टाकावं लागणार हे दिसत होतं आणि ती ते कुठून सुरू करावं म्हणून चाचपडत होती... आणि मग तिला वास आला असावा. “आप्पा, तोंडात काय हाय?” “काय न्हाई.” “तोंड उघड.” त्या म्हाताऱ्या माणसाने लहान पोरासारखं तोंड उघडलं. मग जी सुरू झाली ती! दात बघितलेस का आरशात, डॉक्टर काय म्हणला हुता, माझी शपत घातली हुती ती कुठं गेली, कुणासाठी म्या घसा फोडती... उभं राहायची ताकद नव्हती तर दाराची चौकट धरून ओरडत होती. आप्पा मान खाली घालून ऐकत होते आणि त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं. मध्येच माझ्याकडे वळून म्हणाले, “आता हाय बगा. आता हाय.” मी दूध आणायचं निमित्त करून खाली उतरले आणि जिन्यात बसून पोटभर रडले. वर त्या दोघांचं काय बोलणं झालं ते मला माहीत नाही. परत गेले तेव्हा आप्पा गॅस पेटवायच्या खटपटीत होते आणि माया कॉटवरून सूचना देत होती.

पुढे ते तिच्याजवळच राहिले. मिरजेलाही गेले, त्याच पायरीवर बसले. मेंढरं विकली नाहीत. तिने ती अट घातली होती. बरं वाटायचं त्या दिवशी माया मांडीवर लॅपटॉप घेऊन काम करायची, आणि आप्पा शेजारी बसून त्या हिरव्या ठिपक्यांकडे बघायचे. हा कुठला, तो कुठला, असं विचारायचे. सगळ्यांनी ओ दिली का, असंही. माझ्याशी मायाचा अबोला कधी संपला ते आम्हा दोघींच्याही लक्षात आलं नाही. एकदा मी तिला म्हटलं, “बघ, मी म्हणत होते ना?” तर म्हणाली, “गप बसा ताई, जितलाय म्हणून नाचू नका.” मग माझा हात धरून ठेवला, बराच वेळ.

उपचारांनी काही होत नाही असं डॉक्टरांनी सांगितल्यावर तिला गावाकडे जायचं होतं. गाडीत तिला झोपवलं, उशा लावल्या. आप्पा पुढे बसले. मी खिडकीशी वाकले. काहीतरी मोठं बोलावं असं दोघींनाही वाटत असणार. ती म्हणाली, “ताई, सावळजच्या डबीचं सिम बदलायला सांगा, रेंज लय जाती तिची.” मी म्हटलं, सांगते. गाडी गेली. तेच आमचं शेवटचं बोलणं.

आता तिच्या जागी कोल्हापूरचा एक मुलगा आला आहे. हुशार आहे. ‘हाळी’ हे नाव बदलून काहीतरी इंग्रजी ठेवूया का, असं त्याने पहिल्याच आठवड्यात विचारलं आणि माझ्या तोंडाचा पट्टा त्याला ऐकायला मिळाला. त्यानंतर त्याने तो विषय काढलेला नाही. सावळजचं सिम बदललं. शंकरदादा आता आकडा जरा वेळ हलला नाही की स्वतःच उठून खोलीचं दार उघडतात आणि मला फोन करून सांगतात, “हाय मॅडम, गार हाय.”

गेल्या आठवड्यात संध्याकाळी आप्पांचा फोन आला. दिवसकार्य उरकल्यापासून आमचं बोलणं नव्हतं. मी गॅलरीत गेले. विचारपूस नाही, काही नाही, एकदम म्हणाले, “बाई, आज तंबाखू खाल्ली.”

मला काय झालं कुणास ठाऊक... मी सुरूच झाले. “आप्पा, लाज वाटत नाही का तुम्हाला या वयात? तिने तुम्हाला किती वेळा सांगितलं होतं? दातांचं काय व्हायचं ते होऊ दे, पण उद्या काही झालं तर कोण बघणार आहे तुमच्याकडे? भाऊ मेंढरं बघेल की तुम्हाला?” सासूने मला जेवढं ऐकवलं असेल तेवढं सगळं मी त्यांना ऐकवलं. आत ऑफिसात नवा मुलगा मान उचलून बघायला लागला. आप्पांनी सगळं ऐकून घेतलं. मला दम लागला तेव्हा म्हणाले, “तिच्यावानी न्हाई जमत तुमाला. लय सुद्द वरडता.” मग, “खाल्ली न्हाई, बाई. ती गेल्यापास्नं हात लावला न्हाई.”

“मग खाल्ली म्हणून कशाला सांगितलंत?”

पलीकडे वाऱ्याचा आवाज येत होता. “कुणी वरडतंय का, तेवडं बगितलं,” ते म्हणाले.

मी डोळे पुसले, आवाज नीट केला आणि म्हटलं, “उद्याही करा फोन. तोवर मी जतकडचं ओरडायला शिकून ठेवते.”